पोच

हुइत्सीच्या माथ्यावर एक डबा आहे,
पाव ठेवायच्या डब्याएवढा.
आत एक रेडिओ, एक बॅटरी
आणि ओइवाच्या हातचं डागकाम,
ओबडधोबड, पण सुटणार नाही असं.
बाहेर अँटेनाची काठी, काठीवर बर्फाची साय.
दर पंधरवड्याला मी स्नोमोबाइलवरून वर जाते
आणि लाकडी पळीने ती खरवडते.

डब्याला काम एकच:
ऐकायचं, आणि ऐकलेलं पुन्हा म्हणायचं.
अर्थ लावायचा नाही, पदरचं घालायचं नाही,
तेच परत कानी आलं तर अर्धा मिनिट गप्प राहायचं.
(आमच्या गावात एवढं कुणाला जमलेलं नाही.)

निरोप निघतो तेव्हा
त्याच्या कपाळी दोन उड्या लिहिलेल्या असतात.
एक हुइत्सीवर खर्च होते,
दुसरी तळ्यापलीकडच्या मनोऱ्यावर.
मग शून्य.
मग तो ज्याने ऐकला त्याचा.

आणि निरोपात काय,
तर अक्षांश, रेखांश, वेग, तोंड कुठल्या दिशेला.
‘कसं काय’ नाही, ‘कळावे’ नाही.
मी इथे आहे. मी इथे आहे. आता इथे.
याची पोच कुणी देत नाही.
ओइवा म्हणायचा, मागितलीय कुणी?

तो गेला ऑक्टोबरात, बर्फ टिकायच्या आत.
बायकोने पिकअप विकली एल्लेला,
मासळीच्या शेडमधली ती एकोणीस वर्षांची पोर,
नऊशे युरो, हिवाळी टायरांसकट.
सीटखालचा काडेपेटीएवढा ट्रॅकर
कुणाच्या लक्षात आला नाही.
माझ्याही नाही,
डिसेंबरातल्या एका सकाळी
ओइवा माझ्या नकाशावर उठेपर्यंत.
ताशी बासष्टच्या वेगाने
तो मासळीच्या शेडकडे निघाला होता.

नियम साफ आहे: मेलेल्याची खूण हवेत जाऊ नये.
मी एल्लेला फोन करणार होते. त्याच दिवशी.
मग सोमवारी.
मग ओइवा पेट्रोल पंपावर चार मिनिटं थांबला,
शनिवारी रात्री इवालोच्या नाचघराबाहेर तीन तास,
आणि मी एकटीच हसले स्वयंपाकघरात:
अरे, तुझे तर गुडघे गेले होते ना?

फेब्रुवारी. उणे छत्तीस.
तळ्यावरच्या बर्फाच्या रस्त्यावर, अगदी मधोमध,
वेग शून्य.
पुन्हा शून्य.
व्होल्टेज अकरा पूर्णांक चार. अकरा पूर्णांक एक.
वरचा डबा एकेक आकडा खाली देत होता,
न घाबरता.
घाबरायचं काम माझ्याकडे होतं.
थर्मास, रेनडिअरचं कातडं, जंपर केबल,
आणि दाराला कडी घालायचं विसरून मी निघाले.

एल्ले स्टिअरिंगमागे बसलेली,
हात काखेत, पापण्यांवर दंव.
‘तुम्हाला कुणी सांगितलं? माझा फोन तर केव्हाच मेला.’
म्हटलं, ‘ओइवाने.’
तिने कॉफीचा कप माझ्याकडे परत केला,
तुम्हालाच जास्त गरज आहे म्हणाली.

इंजिन खोकलं, लागलं.
मी सीटखाली हात घातला.
ट्रॅकर हाताला लागला, किंचित ऊबदार,
एवढ्या थंडीत.
वायर ओढायला दोन बोटं पुरली.

घरी आले. दार सताड उघडं, भांड्यातलं पाणी गोठलेलं.
नकाशावर तळ्याच्या मधोमध त्याची खूण,
करडी पडत चाललेली.
कोट न काढताच मी त्याच्या नावे
एक शब्द टाइप केला:
पोचलं.
हुइत्सीने तो उचलला, म्हटला, पुढे दिला.
पोच आली नाही म्हणून
यंत्राने तो पाच वेळा पाठवला,
दर वेळी जरा जास्त थांबून,
आणि मग सोडून दिला.