लोड न झालेली घणसोली

नवा गेम दीडशे जीबीचा.
रात्रभर उतरत होता.
सकाळी लेकीनं फडकं घेऊन टीव्ही पुसला,
इतका खरा चिखल होता बॉनेटवर.

मी म्हटलं, मजा नाही.
चुकलं की एका बटणावर मागे जाता येतं,
मग भिंतीला भ्यायचं कशाला?
हे मी दर नव्या गेमला म्हणतो.
दर वेळी मनापासून.

कोपरखैरणे.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरची इमारत,
तळमजल्याला दिवेश म्हात्रेचा कॅफे,
तासाला पंधरा रुपये, चपला बाहेर.
एका कीबोर्डवर आम्ही दोघं:
बाणांची बटणं उन्मेषकडे,
माझ्याकडे डावीकडची चार,
मधे कोपरांची हद्द.
फार बटणं एकदम दाबली
की कीबोर्ड एखादं ऐकायचाच नाही.
हे उन्मेषला माझ्याआधी कळलं.
माझं वळण आलं
की तो हॉर्न दाबून धरायचा.
वर्षभर मी भिंतीत गेलो.

त्या गेममध्ये पुढचं दिसायचं नाही फार.
जरा लांब पांढरं धुकं,
धुक्यातून झाड एकदम उगवायचं, पुठ्ठ्याचं,
बाजूनं पाहिलं तर नुसती रेघ.
बाहेर पडलो तरी तसंच:
रस्ते आखलेले, दिवे लागलेले, गाड्या नाहीत.
पामबीचवर भर दुपारी
सायकलचे दोन्ही हात सोडायचे.
खाडीकडे काहीच नाही.
गावठाण सोडलं
तर घणसोली अजून लोड व्हायची होती.

परवा जुनी सीडी सापडली.
दिवेशनं माळ्यावरचा डबा उतरवून दिला,
म्हणाला, चालला तर तुझा.
चालला.
अकरा मिनिटं खेळलो.
गाडी म्हणजे अंगाला लावून झिजलेली साबणाची वडी,
इंजिन म्हणजे शेजारच्यांचा मिक्सर.
लेक शेजारी उभी, पाहुण्यांकडे उभं राहतात तशी.
“बाबा, ह्यात छान काय होतं?”

दाखवायला म्हणून उजवीकडे पाहिलं.
बाणांची बटणं मोकळी होती.

उन्मेष उलव्याला असतो,
पंचवीस मिनिटांवर, तीन वर्षांत भेट नाही.
फोन केला.
नवा गेम त्याला फार आवडलाय.
ओल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबं बघ म्हणे, वेडा होशील.
आणि हॉर्न?
कसला हॉर्न, हसला तो,
हॉर्न तूच दाबायचास रे,
वर्षभर भिंतीत मी गेलो.

रात्री नवा गेम लावला.
सेटिंगमध्ये जाऊन गर्दी शून्य केली,
प्रेक्षक काढले, पाऊस काढला.
सगळ्यात खाली धुकं होतं.
ते शंभरवर नेलं.

लेक म्हणाली, काहीच दिसत नाहीये.
म्हटलं, थांब जरा.
येईल एखादं झाड.