लाकडी ठ

अमळनेरला आमच्या आज्याचा छापखाना होता,
मारवड रस्त्याला, जिनाच्या भोंग्याच्या हाकेवर.
पायानं चालवायचं एक ट्रेडल,
आणि जाहिरातींसाठी मोठे लाकडी ठसे,
कुठल्याशा बुडालेल्या नाटक कंपनीकडून हप्त्यानं घेतलेले.
सगळी अक्षरं नव्हती त्यात.

तेराच्या साली, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराआधी,
एदलजीशेठ तंबूवाला हस्तपत्रकं छापायला आला.
मागे एक मुलगी. सतरा-अठरा.
धरणगावच्या जिनातली, केसांत अजून कापसाचं पिंजण.
(हे पिंजण आज्यानं नंतर घातलेलं असावं.)
नाव? ठगूबाई.
वरची चार भावंडं गेली, म्हणून देवाला ठगवायला ठगू.

आज्यानं खण उपसले. ठ नव्हता.
ज होता, ल होता, ख एकच पण धड.
जुलेखा चालेल?
शेठ म्हणाला, चालेल, मुलूख कोणता?
म, स, र उरले होते.
अशी ती मिसरची झाली.

मच्छरदाणीच्या जाळीचे सात पदर,
गळ्यात तापीकाठच्या भिल्लाच्या पोराकडून
आठ आण्याला घेतलेली धामण.
थंडीत धामण झोपायची.
ही तिला चुलीशी धरून शेकायची,
कानात म्हणायची, ऊठ माय,
तुला आणि मला दोघींनाच मिसरला जायचंय.

चोपडा, पारोळा, भुसावळचं रेल्वेचं मैदान.
गोरे ड्रायव्हर टोप्या उडवायचे,
कापसाचे दलाल पुढच्या खुर्च्यांत घामेजायचे.
धुळ्याच्या एका वकिलानं कलेक्टरकडे अर्ज केला,
हे नृत्य असभ्य आहे म्हणून.
अर्जात असे तपशील होते
जे फक्त पहिल्या रांगेतून दिसतात.

पगार अठरा रुपये. तोंड उघडल्याचा दंड चार आणे.
मिसरच्या बाईला इथलं बोलता येता कामा नये.
सहा वर्षं ती मुकी फिरली आपल्याच मुलखात.
बाजारात वांगी बोटानं दाखवून घेतली.
आई धरणगावात वारली तो निरोप
एदलजीनं सगळ्यांदेखत सांगितला,
आणि ती कळलं नसल्यासारखी उभी राहिली.

मग लढाई संपली. सुवेजहून उखर्डू परतला,
पलटणीची खेचरं हाकणारा.
खेळ सुटल्यावर कनातीमागं येऊन विचारलं,
तू कथानी शे व?
तिनं दिव्याकडं बघितलं. शेठ गल्ला मोजत होता.
मी मिसरनी शे, ती म्हणाली. अहिराणीत.
तो हसला नाही.
मी देखेल शे मिसर, म्हणाला.
तठल्या बाया बी पानी भरतस, गवऱ्या थापतस,
माश्या वारतस.

चार आणे कापले गेले.
पण दुसऱ्या रात्रीपासून नाचात एक नवी मुद्रा आली:
दोन्ही तळवे, ओलं काही थापावं तसे,
हवेतल्या भिंतीवर, एकामागून एक.
मास्तर लोक म्हणाले, ही नाईलदेवीची उपासना.
मागे चटईवरच्या बायांना मात्र कळलं.
त्या गप्प बसल्या. एकीनं, म्हणे, पदर तोंडाशी धरला,
हसत होती का रडत, आज्याला अंधारात दिसलं नाही.

बायोस्कोप आला, तंबू विकला गेला.
धामण कुठं सोडली कुणाला ठाऊक.
पुढं ती आमच्याच गल्लीत पापड लाटायची,
आणि फार बोलायची. इतकं, की लोक कंटाळायचे.
एका आखाजीला छापखान्यात आली.
माझं नाव छाप, म्हणाली. खरं.
आज्या म्हणाला, ठ अजून नाही गं.
ती उठली नाही.

त्यानं बाभळीचा तुकडा घेतला, दुपारभर कोरला.
टाइप उलटा कोरावा लागतो; पण ठ गोल,
इकडून बघा, तिकडून बघा, ठच.
एक कागद निघाला. तिनं घडी घालून कमरेला खोचला,
आणि पैसे किती, विचारलं.
आज्यानं चार आणे सांगितले.
तिनं दिले.

ट्रेडल भंगारात गेलं. ठ माझ्याकडं आहे,
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली.
शाई अजून थोडी बोटाला लागते.