मसुराएवढं

दोन धातू एकमेकांवर ठेवले
की ते टेकले, असं आपल्याला वाटतं.

अनगोळच्या खोलीत रात्री साडेदहाला,
शिकवण्यांच्या पैशांतून एकेक जमवलेले भाग
सतरंजीवर मांडून
मी पहिल्यांदा संगणक जोडला.
(शहापूरच्या दुकानदारानं बिल कन्नडमध्ये लिहिलं होतं,
हमी तोंडी, मराठीत : जळालं तर आणा, बघू.)
पडद्यावर आकडा चढत गेला,
एक्काहत्तर, त्र्याऐंशी, शहाण्णव,
मग पडदा काळा.
चाचपडून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच.
पंखा मात्र जीव तोडून फिरत होता,
लग्नघरात कुणी काम न सांगितलेल्या काकासारखा.

"काय करायलैस गं अजून?"
बाबा दारात. उद्यमबागेत एकतीस वर्षं फिटर.
"उघड बघू."
बाबा, हे लेथ नव्हे.
"नसू दे की. धातूच ना?"

चार स्क्रू सोडले,
तांब्याचा ठोकळा जरासा पिळून उचलला.
त्यांनी तो दिव्याखाली धरला, चष्मा कपाळावर सारला,
आणि वाचायला लागले.

मी लहान असताना त्यांच्या नखांत कायम निळं असायचं.
सरफेस प्लेटला निळा रंग पुसट फासायचा,
त्यावर काम घासायचं.
निळं लागलं तिथं उंच,
नाही लागलं तिथं खोल.
उंच तेवढं खरवडायचं. पुन्हा निळं. पुन्हा खरवडायचं.
एकेक आठवडा केसाच्या जाडीत निघून जायचा
आणि शेवटी म्हणायचे,
सपाट असं काही नसतं गं,
पुरेसं सपाट असतं.

"कडेला ढीग झालाय. केवढं ओतलंस?
आणि हे काय?"
नखानं त्यांनी एक पारदर्शक पापुद्रा सोलला.
बसवण्याआधी काढावा, असं त्यावर लिहिलेलं होतं,
लाल, ठळक.
मी वाचलं नव्हतं.

स्पिरिटनं दोन्ही अंगं पुसली.
मी जुना बनियन घेतला, तर म्हणाले, तंतू सुटतात,
आणि खिशातून चष्म्याचं फडकं काढून दिलं.
धातूत आमची तोंडं दिसली, वाकडी.

किती लावायचं, बाबा?
हसले. त्यांचे मेस्त्री, ईरप्पा हुल्यार,
दिवसभरात दोनच शब्द बोलायचे :
आधी स्वल्प, मग साकु.
"त्या दोन शब्दांत शिकलो मी सगळं."

पिचकारी दाबली. राखाडी थेंब,
मसुराएवढा, बरोबर मधोमध.
"साकु."
कोपऱ्यांत पोचणार नाही, बाबा, थोडं अजून—
"साकु म्हटलं की.
बोट नको लावूस. दाब नेईल त्याला कोपऱ्यात."

ठोकळा सरळ खाली. एकदा टेकवला की
उचलून बघायचं नाही, आत हवा शिरते.
मग स्क्रू : इथं अर्धा फेरा, समोरच्या कोपऱ्यात अर्धा,
तिरपं, पाळीपाळीनं.
एकच बाजू आवळायची घाई
मला झाली, त्यांनी मनगट धरलं.

हा लेप काही चिकटवत नाही.
तांब्याच्या मानानं उष्णताही फारशी वाहत नाही.
त्याचं काम एवढंच,
जिथं नाहीतर हवा असती तिथं असणं,
आणि जितकं कमी तितकं बरं.

चालू केला. अडतीस.
मुद्दाम कामाला जुंपला, पाऊण तास.
त्रेसष्टवर जाऊन थांबला.
बाबा खुर्ची ओढून आकड्याकडे बघत बसले,
जशी भट्टी बघावी.
"किती वर्षं टिकतं हे?"
तीन-चार. मग वाळतं. पुसून परत लावायचं.
"मग सांग मला."

सकाळी चहाचा कप धरताना
त्यांच्या अंगठ्याच्या नखात राखाडी रेघ होती.
निघाली नव्हती की धुतली नव्हती,
मी विचारलं नाही.