केसभर

नोल्बेर्तोने दिवा टेबलावर ठेवला
तसाच ओला, काचेआड पेलाभर समुद्र हिंदकळत.
म्हणाला, "एदुविना, अठ्ठावीस मीटरवर मेला हा,"
आणि शेगडीपाशी जाऊन बूट काढू लागला.

केमचीच्या धक्क्यावर माझी ही खोली.
सामनच्या जाळ्यांखाली उतरणारे, मेलेले मासे वेचणारे,
सगळ्यांचे दिवे, भोंगे, कॅमेरे इथेच येतात.
येताना म्हणतात, पाणी फार वाईट.
मला तसं वाटत नाही.
पाणी नुसतं विचारत असतं,
प्रत्येक फटीला, न कंटाळता,
येऊ का?

दिवा पालथा घातला. पाणी बशीत काढलं, चाखून पाहिलं.
खारट. म्हणजे आतला दमटपणा नव्हे, बाहेरचा पाहुणा.
कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात ना,
माझा धंदाच तो: नेमकं कुठे.

आधी तार.
तारेची कातडी सोलली की आत सात केसाळ तारा,
त्यांच्यामधून पाणी चढतं, वातीतून तेल चढावं तसं,
हातभर लांब, थेट बॅटरीपर्यंत.
म्हणून मी बोटभर तार उघडी करून कथलाने बुजवते,
मग इपॉक्सी ओतते, आणि बरणीत ठेवून हवा ओढते
गाईच्या दूधयंत्राच्या पंपाने.
गाय विकली. पंप ठेवला.
बुडबुडे उकळी फुटल्यासारखे वर येतात
आणि संपतात.
तार कोरडी होती.

मग खटका.
ओलेगारियोच्या दिव्याच्या खटक्याला दांडी होती,
डब्याच्या भिंतीतून आरपार गेलेली.
भोक पाडलं की ते दार झालं,
आणि दार झालं की कुणीतरी येतंच.
तो दिवा अजून फळीवर आहे, पितळ हिरवं पडलेलं.
दिवा सापडला होता.
त्या हिवाळ्यापासून मी खटक्यासाठी भोक पाडत नाही.
बाहेर लोहचुंबक, आत काचेच्या नळीत दोन पात्या.
बोटाने चुंबक सरकवला
की भिंतीपलीकडे त्या एकमेकींना चिकटतात.
सरकवला. चिकटल्या. टिक्.
खटकाही शाबूत.

खोल जाणाऱ्या डब्या मी तेलाने काठोकाठ भरते,
पोकळीच नाही, तर दाबणार काय?
पण दिव्यात हवा लागते, काच लागते,
काचेपाशी रबराचं कडं लागतं,
आणि कड्यापाशी लागते मी,
डोळ्यांत तेल घालून.

झाकण फिरवलं. कडं सुईने नाही, नखाने काढलं,
सुईने ओरखडा पडतो.
ग्रीसमध्ये आडवा,
खाचेच्या या काठापासून त्या काठापर्यंत,
एक केस.
पांढरा.

केसाने गळा कापणं ऐकलं होतं,
एवढं शब्दशः नव्हतं ऐकलं.

"कुठून शिरलं?" नोल्बेर्तोने विचारलं.
काच तडकली म्हणता आलं असतं.
काच नवी लावून दिली असती, फुकट,
आणि वर त्याने माझेच आभार मानले असते.
मी चिमटा दिव्यापुढे धरला.
"माझा आहे," म्हटलं.

तो बघत राहिला. मोज्यांतून वाफ निघत होती.
"हवेची नळी धरून वर आलो," म्हणाला.
"पिवळी आहे ना ती?
खाली मला नुसती खरखरीत लागली."
मग म्हणाला, "चहा आहे का?"

रात्री डोक्याला रुमाल गच्च बांधला.
नवं कडं, तांदळाएवढं ग्रीस, बोटाने पूर्ण फेरी,
भिंगातून दुसरी फेरी, मग तिसरी.
दिव्यात वर्तमानपत्राचा तुकडा घडी करून घातला,
दगड बांधला, आणि धक्क्याच्या टोकावरून
दोरीने सोडला भरतीत.

झोप लागली म्हणवत नाही.

सकाळी दोरी ओढली. बोटं गारठलेली, झाकण हट्टी.
कागद बाहेर काढला, ओठांना लावला,
ओठांना कळतं बोटांच्या आधी.
उलगडला. मागच्या आठवड्याचा बटाट्याचा भाव,
अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

वाचला. घडी घातली.
आणि तरीही दोरी पुन्हा सोडली,
आणखी एका भरतीसाठी.