त्रेचाळिसाव्या मिनिटातला कप

उकू नावाचा मुलगा तार्तूहून दोन बस बदलून आला,
पाठीवरच्या पिशवीत माझाच सिनेमा घेऊन.
फेब्रुवारीत हापसालूला कुणी येत नाही.
समुद्र गोठलेला, चिखलस्नानाची इमारत बंद,
मी दारात फावड्याने बर्फ सारत होते.
"हेल्वेबाई तुम्हीच ना?
नामावलीत तुमचं नाव आहे. अगदी तळाला,
विजेच्या तारा ओढणाऱ्यांच्याही खाली."

बरोबर. तिथेच असतं ते.
मेणबत्ती किती जळली, शालीचं टोक कुठल्या खांद्यावर,
मघाशी कोणता हात वर होता,
हे लिहून ठेवणारी बाई मी.

बूट काढायच्या आधीच तो सुरू झाला.
त्रेचाळिसाव्या मिनिटाला विधवा कप उचलते
तेव्हा कड निळी.
ओठांना लावते तेव्हा कप पांढरा.
"म्हणजे मधल्या क्षणात ती मेली.
पुढचा सगळा सिनेमा मेलेल्यांचा.
पांढरे कप सात आहेत, मी मोजले.
ज्यांनी ज्यांनी त्यातून प्यायलं..."
वाक्य त्याने अर्ध्यावर सोडलं.
शिकला होता कुठूनतरी.

आता याला काय सांगू?
निळ्या कडेच्या कपावर एन्डेल बसला.
सामानाच्या खोक्यावर, नव्वद किलोचा एन्डेल, हेरिंग खात.
गावच्या दुकानात त्या वर्षी पांढरेच कप आले होते
आणि साबण आलाच नव्हता.
मी ओरडले. काल्यू म्हणाला,
"जाऊ दे गं. दिग्दर्शक मी आहे. कोण बघतंय?"

बघत होते ना.
तालिनहून तिघं आले,
ओव्हरकोट न काढता अंधारात बसले.
चोराच्या मनात चांदणं.
त्यांना प्रत्येक चौकटीत काहीतरी लकाकायचं.
हे दार पश्चिमेलाच का उघडतं?
चिखलात बुडणाऱ्या माणसाला अशीच मिशी का?
काल्यू शपथेवर सांगत राहिला, मिशी नटाची स्वतःची आहे.
चार मिनिटं कापली. मिशी गेली, मिशीखालचा माणूसही गेला.
कपाबद्दल कुणी विचारलं नाही.

त्या चार मिनिटांच्या भोकावर
या पोराने अकरा पानं लिहिली आहेत.
ती उडी मुद्दाम आहे म्हणे,
तिथे कुणीतरी काळ गिळतं.
यावर मी मान हलवली. त्याने लगेच टिपून घेतलं.

आणि मग ती काच.
एकसष्टाव्या मिनिटाला खिडकीत एक बाई दिसते.
पाऊण सेकंद. मान खाली, काहीतरी लिहिते आहे.
"नामावलीत तिचा पत्ता नाही. पण खरी तीच.
सगळ्यांचा हिशेब तिच्याकडे.
आम्ही तिला कारकून म्हणतो."

पाऊण सेकंद, एकोणतीस वर्षांची.
राखाडी स्वेटर कोपराला उसवलेला,
तो दिसतो का रे तुम्हाला?
कॅमेऱ्यात यायचं नाही, एवढंच पथ्य होतं मला.
साऱ्या जगाच्या चुका पकडल्या,
आणि काचेत उभी राहिले.

मी मनातल्या मनात कप लावते.
विधवा झालेली नटी, हेलसिंकीच्या इस्पितळात.
डॉक्टर झालेला, त्याच उन्हाळ्यात.
दोघी परिचारिका. चौकीदार.
एक काल्यूचा, तालमीनंतर चौकटीत विसरलेला,
आता काल्यूच नाही.
सातवा मेजाच्या कडेला होता, कुणाचाच नव्हता.
शेवटच्या रात्री मी तो धुतला
आणि स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणला.
चोरीच म्हणा. वहीत नोंद नाही.

पाच वाजता अंधार पडतो.
मी चहा ओतते, साखर सरकवते.
उकू कपाकडे बघतो, मग माझ्यामागच्या खिडकीकडे,
आणि वहीतलं एक पान
हळूच मागे उलटतो.
"घे ना," मी म्हणते, "गार होतोय."