अडसर

व्हॅनिला इसेन्सची बाटली आम्ही कुलपात ठेवतो.
गुळण्यांचं औषधसुद्धा.
हसू आलं ना? मलाही आलं होतं,
नऊ वर्षांपूर्वी, याच टेबलावर
माझ्या पिशवीची झडती चालू असताना.
व्हर्लीनबाईंनी माझ्या बुटांच्या नाड्या काढल्या,
पाकिटात घातल्या, वर नाव लिहिलं
नीट, वळणदार अक्षरात,
जणू मी त्या मागायला येणारच.

आता रात्रपाळी माझी.
तासातासाला टॉर्च घेऊन फिरायचं.
झोत तोंडावर मारायचा नाही, छतावर मारायचा,
तिथून जेवढा उजेड खाली सांडेल
तेवढ्यात श्वास मोजायचे.
बारा खाटा.
घर पूर्वी सार्डिन कारखान्याच्या मॅनेजरचं होतं.
कारखाना गेला, मॅनेजर गेला,
मेनच्या या किनाऱ्यावर दमट हवेत
फळ्यांमधून मासळी अजून बोलते.

ओडेटचा तिसरा आठवडा.
खेकडे सोलून सोलून खांदा गेला,
खांद्यासाठी गोळ्या आल्या,
पुढे खांदा बरा झाला. गोळ्या राहिल्या.
नंतर गोळ्या महाग झाल्या,
आणि स्वस्त जे होतं ते होतंच.
हे ती सांगते तेव्हा
दुसऱ्याच कुणाच्या घराचा पत्ता सांगितल्यासारखी.

रविवारी फोन, प्रत्येकीला दहा मिनिटं.
लुसिएन सहा वर्षांचा. त्याचा दात पडला.
मावशीने उशीखाली एक डॉलर ठेवला.
ती "हो का! हो का!" म्हणत राहिली,
फोन ठेवल्यावरही दोनदा म्हणाली.

रात्री दीडला जिन्यावर पावलं.
अंगात कोट, पायात नाड्या नसलेले बूट.
मी अडवायचं नसतं. हा तुरुंग नाही,
दार आतून केव्हाही उघडतं.
फक्त बाहेर गेल्यावर ते खट्‌ करून लागलं
की खाट गेली.
यादीत एकेचाळीस जणी थांबल्यात.
हा नियम मीच तिला वाचून दाखवला होता,
सही घेतली होती.

ती बाहेर पडली.
दार तिच्या मागे येऊ लागलं,
आणि मी पाय घातला मध्ये.
नियमात पायाबद्दल काही लिहिलेलं नाही.

जानेवारी. पायात कापडी सपाता.
ती खडीवर उभी, पाठ माझ्याकडे.
सिगारेट. मग दुसरी.
खाडीत कुठेतरी बोयाची घंटा,
लाट येईल तशी, ताल नसलेली.
"टॅक्सी मिळेल?"
"या गावात?"
ती हसली की थुंकली, कळलं नाही.

त्या खट्‌ आवाजाची मला ओळख आहे.
एकदा तो माझ्या पाठीमागे झाला होता.
त्यानंतर दीड वर्षाने मी आले
ती चालत नाही आले.
हे तिला सांगावं असं वाटलं.
सांगितलं नाही.
आपल्या जखमेचा दिवा करून
दुसरीच्या डोळ्यांवर धरू नये,
छतावर धरावा.

एक पिकअप आला वळणावरून.
वेग कमी झाला. काच खाली झाली.
कुणीतरी काही बोललं,
ती काही बोलली.
माझ्या पायाची बोटं तोवर
माझी राहिली नव्हती.
मी देवाबिवाला काही मागितलं नाही,
फक्त मोजत होते, श्वास मोजते तसे.
काच वर गेली. गाडी गेली.
ती अजून तिथेच.

मग ती आली, माझ्या अंगाला घासून, आत.
तोच खांदा.
"थंडी आत येतेय," म्हणाली, चिडून,
जणू दार मीच उघडं टाकलं होतं.

मी पाय काढला. दार लागलं.
नोंदवहीत लिहिलं:
दोन वाजून दहा. बारा खाटा, बारा जणी.
खोटं नव्हतं.

जिन्याच्या मधल्या पायरीवर ती थबकली.
"दात कुठला पडला
ते मी विचारलंच नाही गं."

"रविवारी विचार."

तिने कठड्यावर बोटं मोजली.
नुकताच सोमवार लागला होता.