मायस्टरची कात

वितोल्ड रॉटरडॅमला गेला तेव्हा
सायकल विकून गेला, गिटार मित्राला देऊन गेला,
आणि ही काचेची पेटी माझ्या शिलाई मशीनवर ठेवून गेला.
दोनच महिने, आई.
हा तिसरा हिवाळा.

पेटीत पाल.
पिवळी, ठिपक्याठिपक्यांची, शेपूट मुळ्यासारखं जाड.
नाव मात्र मायस्टर.
गिरणीत आमच्या मुकादमाला आम्ही म्हणायचो तेच.
मीच कधीतरी सांगितलं असणार पोराला
त्या माणसाच्या अर्ध्या मिटल्या डोळ्यांबद्दल.

पहिला आठवडा मी पेटीवर चादर टाकून झोपले.
चिमट्यात रातकिडा धरायची, हात लांब, तोंड भिंतीकडे.
शेजारची तेओफिला दारातूनच छातीवर क्रूस काढायची,
अजूनही काढते.

आता रातकिड्यांचा डबा साखरेशेजारी असतो.
त्यांना मी गाजराचा कीस घालते,
मग कॅल्शियमच्या भुकटीत घोळवते,
मासा पिठात घोळवावा तसं,
आणि मायस्टरला वाढते.
बाहेर वूच शहर उणे चौदावर,
ट्राम वळताना तार निळी कडाडते.
पेटीच्या उबेच्या कोपऱ्यात एकतीस.
माझ्या खोलीत अठरा.
विजेचं बिल एकच येतं.

जानेवारीत तो एकाएकी पांढरा पडला, डोळे धुरकट.
वितोल्ड फोनवर हसला, अगं, कात टाकतोय.
रात्रभर दगडावर तोंड घासण्याचा आवाज.
सकाळी सगळी कात खाऊन मोकळा,
नवाकोरा, रविवारी चर्चला निघाल्यासारखा.
फक्त उजव्या पुढच्या पायाच्या एका बोटाला
दोऱ्याएवढी उरली होती, करकचून.
बोटाचं टोक लाल.
त्याच्या डबीतलं शेवाळ ओलं ठेवायचं असतं.
वाळलं होतं. चूक माझी.

पण दोरा म्हटल्यावर मला कुणी शिकवायला नको.
एकतीस वर्षं चात्यांवर तुटलेली टोकं जुळवली मी.
बशीत कोमट पाणी घेतलं,
मनगटावर थेंब टाकून पाहिला,
त्याला उभा केला, पोटाखाली तळवा.
मग चष्म्यावर चष्मा, ओली कापसाची काडी,
आणि पिळाच्या उलट, हळू,
पिळाच्या उलट,
सुटलं.
तांदळाच्या कणीएवढं बोट.

चावला नाही. चुकचुकलासुद्धा नाही.
मनगटावर हनुवटी टेकून पडून राहिला,
मला दगड समजून.
निघालेला तो दोरा चिमट्यात धरून पुढे केला,
तर खाऊन टाकला. आपलं ते आपल्याला.

संध्याकाळी फोन.
आधी विचारलं, तो कसा आहे?
मग, उन्हाळ्यात येऊन घेऊन जातो त्याला.
मी म्हटलं, एवढा प्रवास झेपायचा नाही त्याला,
पुस्तकात तसं लिहिलंय.
कुठल्या पुस्तकात,
ते त्यानेही विचारलं नाही.